अर्धायुष्य आणि सरासरी आयुष्य : पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

"सर, हाफ लाइफ कळली. पण मग मीन लाइफ आणखी कशाला?"

बारावी फिजिक्सचा पंधरावा धडा सुरू झाला की सांगलीतल्या कुठल्याही क्लासमध्ये हा प्रश्न येतोच, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून बहुतेक वेळा एक सूत्र मिळतं : टाऊ (सरासरी आयुष्याचं, म्हणजे मीन लाइफचं, चिन्ह) म्हणजे अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, म्हणजेच हाफ लाइफ) गुणिले १.४४३. सूत्र पाठ होतं, पेपरात मार्क मिळतात आणि प्रश्न होता तिथेच राहतो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. "केव्हा?" असं विचारायचं असेल तर अर्धायुष्य घ्या. अमुक इतकं उरायला किती वेळ लागेल, उद्या सकाळी किती शिल्लक असेल, हे त्याचे प्रश्न. "एकूण किती?" असं विचारायचं असेल, म्हणजे या पदार्थातून अखेरपर्यंत मिळून किती विघटनं (अणूचं केंद्रक फुटणं) होणार किंवा आत मुळात अणू आहेत तरी किती, तर सरासरी आयुष्य घ्या. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे असले तरी कामं वेगळी आहेत. पुढचा सगळा लेख हे पटवण्यासाठी आहे.

लेख बारावीच्या आणि बीएस्सीच्या मुलांसाठी आहेच, पण मिरजेला कुणाचा बोन स्कॅन करायला निघालेल्या आणि "अंगात किरणोत्सारी औषध सोडतात" हे ऐकून धास्तावलेल्या घरच्यांनाही तो वाचता यावा असा प्रयत्न आहे. शेकडेवारी येत असेल तर निम्मा लेख कळेल, लॉग टेबल बघता येत असेल तर सगळा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा

किरणोत्सारी अणूचं केंद्रक म्हातारं होत नाही. माणसाचं तसं नसतं. ऐंशीच्या आजोबांनी पुढचं वर्ष काढण्याची शक्यता वीस वर्षांच्या नातवापेक्षा कमी असते, कारण शरीर झिजतं. केंद्रक झिजत नाही. काल तयार झालेलं कार्बन-१४ चं केंद्रक आणि दहा हजार वर्षं टिकलेलं केंद्रक शेजारी ठेवलं, तर पुढच्या वर्षभरात फुटण्याची शक्यता दोघांची अगदी सारखी. आपण किती वर्षं काढली याची नोंद केंद्रकाजवळ नसते.

म्हणून एखादं केंद्रक कधी फुटेल हे कुणीच सांगू शकत नाही. सांगता येते ती फक्त शक्यता : दर सेकंदाला, दर दिवसाला किंवा दर वर्षाला किती. या शक्यतेलाच विघटन स्थिरांक म्हणतात, चिन्ह लॅम्डा. अख्ख्या धड्यात मूळ राशी ही एकच. अर्धायुष्य आणि सरासरी आयुष्य दोन्ही तिच्यातून निघतात.

तापवलं, गोठवलं, आम्लात टाकलं तरी लॅम्डा बदलत नाही. बेरिलियम-७ सारख्या, कवचातला इलेक्ट्रॉन गिळणाऱ्या काही केंद्रकांत रासायनिक स्थितीने एक टक्क्याहूनही कमी फरक पडतो. परीक्षेला आणि व्यवहाराला तो विसरलात तरी चालेल.

फासे घेऊन बसा

सूत्राच्या आधी हा प्रयोग कराच. एक संध्याकाळ पुरते. लुडोचे पन्नास-शंभर फासे खेळण्यांच्या दुकानात घाऊक मिळतात. ते नाही जमले तर थोडेच फासे घ्या, प्रयोग अनेकदा करा आणि आकड्यांची बेरीज घ्या.

नियम साधा. सगळे फासे एका पातेल्यात घालून हलवा, सतरंजीवर ओता. ज्यांच्यावर सहा आला ते "फुटले", बाजूला काढा. उरलेले मोजा, वहीत लिहा, पुन्हा ओता. दर फेरीत फुटण्याची शक्यता सहात एक, आणि फाशालाही मागचं काही आठवत नाही.

शंभर फाशांनी सुरुवात केली तर दर फेरीनंतर साधारण असे उरायला हवेत : ८३, ६९, ५८, ४८, ४०, ३३, २८, २३, १९, १६. तुमचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत आणि जुळले तर मला संशय येईल. ५८ च्या जागी ५३ किंवा ६३ आले तरी बिघडलं काही नाही. संख्या लहान असली की हा चढउतार मोठा दिसतो. खऱ्या नमुन्यात अणू लाख कोटींच्या हिशेबात असतात, तिथे तो जाणवतही नाही. अणूंचा वक्र पुस्तकात इतका गुळगुळीत दिसतो तो याचमुळे.

आता आकड्यांकडे नीट पाहा. निम्मे, म्हणजे पन्नास, केव्हा उरले? तिसऱ्या आणि चौथ्या फेरीच्या दरम्यान. गणिताने ३.८ फेऱ्या. हे फाशांचं अर्धायुष्य. आणखी ३.८ फेऱ्या गेल्या की पन्नासाचे पंचवीस, तेवढ्याच आणखी गेल्या की साडेबारा. पहिल्या अर्धायुष्यात निम्मे गेले म्हणून दुसऱ्यात उरलेले सगळे जात नाहीत. ही चूक दरवर्षी वर्गात कुणीतरी करतंच आणि एकदा फासे ओतले की पुन्हा करत नाही. शेवटचा एखादा चिवट फासा पंचविसाव्या-तिसाव्या फेरीपर्यंत रेंगाळतो. त्या फाशाला विसरू नका, सरासरी आयुष्याचं रहस्य त्याच्याकडे आहे.

आता आयुष्यांची बेरीज

प्रत्येक फासा किती फेऱ्या टिकला हे लिहा. पहिल्याच फेरीत गेलेल्या सतराजणांचं आयुष्य १, दुसऱ्या फेरीत गेलेल्या चौदाजणांचं २, असं करत सगळ्यांची बेरीज घ्या आणि फाशांच्या संख्येने भागा.

बेरजेला एक सोपी वाट आहे. दर फेरीला तुम्ही किती फासे ओतले ते आकडे एकाखाली एक मांडा : १००, ८३, ६९, ५८, ४८… थेट शेवटपर्यंत. त्यांची बेरीज म्हणजेच सगळ्यांच्या आयुष्यांची बेरीज, कारण पाच फेऱ्या टिकलेला फासा पाच वेळा ओतला गेला, म्हणून या यादीत तो पाचदा मोजला गेला. बेरीज सहाशेच्या आसपास येते. भागिले शंभर, सरासरी सहा फेऱ्या.

अर्धायुष्य ३.८ आणि सरासरी ६? इथेच घोडं पेंड खातं. निम्मे फासे चौथ्या फेरीच्या आतच संपलेत, मग सरासरी इतकी पुढे कशी? दहावीच्या गणितातले मध्य आणि मध्यक आठवा. अर्धायुष्य हा मध्यक आहे : आयुष्यांची चढत्या क्रमाने रांग लावली तर मधोमध उभं असलेलं आयुष्य. सरासरी आयुष्य हा मध्य आहे. मागे राहिलेले चिवट फासे मध्यकाला हलवत नाहीत, पण मध्याला पुढे ओढतात. तिसाव्या फेरीपर्यंत टिकलेला एकटा फासा मध्यकाच्या दृष्टीने "निम्म्यानंतर गेलेला एक", इतकाच असतो. बेरजेत मात्र तो तीसची भर घालतो.

आता चोखंदळांसाठी एक तक्रार. पुस्तकी सूत्राने ३.८ गुणिले १.४४३ म्हणजे ५.४८ यायला हवं, आपल्याला ६ मिळालं. कारण असं की फासा फेरीची वाट पाहतो, अणू पाहत नाही. पहिल्या फेरीत गेलेल्यांचं आयुष्य आपण पूर्ण १ धरलं. ते सलग वेळात फुटत असते तर कुणी सुरुवातीला, कुणी शेवटी, सरासरीने साधारण अर्ध्या फेरीत गेले असते. प्रत्येकाच्या खात्यात अर्धी फेरी जास्त पडली. सहातून ती वजा केली की साडेपाच.

आलेख, घाईत पण नक्की काढा

साध्या आलेखकागदावर फेरी आणि उरलेले फासे मांडा, वक्र खाली येत येत आडवा होत जाईल. मग सेमी-लॉग कागदावर, म्हणजे उभा अक्ष लॉगच्या मापाने आखलेल्या कागदावर, तेच आकडे मांडा. विश्रामबागच्या कॉलेजांभोवतीच्या स्टेशनरी दुकानांत तो मागितला की मिळायला हरकत नाही, आणि नाही मिळाला तर लॉग टेबलातून प्रत्येक आकड्याचा लॉग काढून साध्या कागदावर मांडला तरी काम भागतं. आता ठिपके एका सरळ रेषेत बसतात. नमुन्यात एकच किरणोत्सारी पदार्थ असल्याची ती ओळख. रेषा मध्येच वाकली तर दोन पदार्थ मिसळलेत असं समजा.

साध्या कागदावरच्या वक्राला अगदी सुरुवातीच्या बिंदूपाशी स्पर्शिका काढा आणि ती वेळेच्या अक्षापर्यंत ओढा. ती अक्षाला जिथे छेदते तो वेळ म्हणजे सरासरी आयुष्य. अर्थ असा : सुरुवातीचा फुटण्याचा वेग तसाच टिकला असता, तर सगळा माल टाऊ इतक्या वेळात संपला असता. प्रत्यक्षात वेग कमी होत जातो, म्हणून टाऊ संपेपर्यंत ६३.२ टक्केच जातात आणि ३६.८ टक्के उरतात. एकूण विघटनं मात्र तितकीच : सुरुवातीचा वेग गुणिले टाऊ. ही ओळ पेन्सिलीने अधोरेखित करा, पुढे तीच कामाला येणार आहे.

सूत्रं आणि लॉग टेबल

तीन नाती लक्षात ठेवा. सरासरी आयुष्य = १ ÷ लॅम्डा. अर्धायुष्य = ०.६९३ ÷ लॅम्डा. म्हणून अर्धायुष्य = ०.६९३ × सरासरी आयुष्य, आणि उलट करायचं तर १.४४३ ने गुणायचं. टाऊ नेहमी मोठा. उत्तर उलटं आलं तर गुणाकाराच्या जागी भागाकार झालाय.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून मी मुलांना २.३०३ च्या (नैसर्गिक लॉगचा साधा लॉग करायच्या) वाटेने नेतच नाही. सरळ हे वापरा :

वेळ = अर्धायुष्य × लॉग (सुरुवातीचे ÷ उरलेले) ÷ ०.३०१०

०.३०१० हा दोनचा लॉग. उदाहरणार्थ, कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. २० टक्के उरायला किती वर्षं? सुरुवातीचे भागिले उरलेले म्हणजे ५. पाचचा लॉग ०.६९९०. त्याला ०.३०१० ने भागलं की २.३२ अर्धायुष्यं. गुणिले ५.२७, उत्तर साधारण १२.२ वर्षं. पडताळा तोंडी होतो : दोन अर्धायुष्यांनी २५ टक्के, तिसऱ्याने १२.५, तेव्हा २० टक्क्यांचं उत्तर दोन आणि तीनच्या मध्ये हवं.

मार्क जातात ते बहुधा दोन ठिकाणी. प्रश्नात "८० टक्के विघटित झाले" असतं आणि मुलं ८० टक्के उरले असं धरतात. दुसरं एककांचं : अर्धायुष्य दिवसांत दिलेलं, सक्रियता (विघटनांचा वेग) बेक्वेरलमध्ये मागितलेली, म्हणजे दर सेकंदाला किती विघटनं ते. दिवसाचे ८६,४०० सेकंद करायचे राहून जातात.

मिरजेचा स्कॅन : दोन्ही आकडे एकाच सुईत

आसपासच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही लोक उपचारासाठी मिरजेला येतात, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. बोन स्कॅनला टेक्नेशियम-९९एम वापरतात (एम म्हणजे जादा ऊर्जा साठवलेली अवस्था). अर्धायुष्य सहा तास.

आधी "केव्हा". सकाळी आठला इंजेक्शन दिलं तर दुपारी दोनला निम्मं, रात्री आठला पाव, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सव्वासहा टक्के. ही झाली नुसती अणूंची बाजू. औषधाचा बराच भाग लघवीवाटे निघून जातो, म्हणून प्रत्यक्षात शरीरात याहून कमी राहतं. इंजेक्शननंतर भरपूर पाणी प्यायला आणि वारंवार लघवीला जायला सांगतात, ते टाळू नका. दोन-चार तास थांबवतात ते औषध हाडांत बसावं आणि बाकीचं धुऊन निघावं म्हणून.

आता "एकूण किती". मोठ्या माणसाला साधारण २० मिलिक्युरी देतात, म्हणजे दर सेकंदाला ७४ कोटी विघटनं. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण सरासरी आयुष्य आहे ८.६७ तास, म्हणजे सुमारे ३१,२०० सेकंद. गुणाकार करा : अखेरपर्यंत मिळून सुमारे २३ लाख कोटी विघटनं. प्रत्येक अणू एकदाच फुटतो, म्हणून सिरिंजमध्ये टेक्नेशियम-९९एमचे अणूही तेवढेच होते. वजन? एका ग्रॅमच्या शंभर कोटी भागांपैकी जेमतेम चार भाग. दर सेकंदाचा आकडा प्रचंड आणि माल मात्र नगण्य, कारण टाऊ लहान आहे.

समजा तेवढ्याच २० मिलिक्युरीचं आयोडीन-१३१ घेतलं. मीटरवर दोन्हींचा दर सेकंदाचा आकडा सारखा. पण आयोडीनचं अर्धायुष्य ८.०२ दिवस, टाऊ ११.६ दिवस, म्हणजे दहा लाख सेकंद. एकूण विघटनं बत्तीस पट. शिवाय आयोडीन बीटा कण सोडतं आणि त्यांची ऊर्जा जवळच्या पेशींतच जिरते, म्हणून ते थायरॉइडच्या उपचाराला कामाचं आणि म्हणूनच जपून वापरायचं. नुसत्या मिलिक्युरीच्या आकड्यावरून दोन औषधांची तुलना करणाऱ्याला हेच कळत नाही. टाऊ विचारल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे.

शरीराची स्वतःची हकालपट्टीही हिशेबात धरायची तर दोन शक्यतांची बेरीज करायची. अणू फुटून जाण्याची एक, शरीराबाहेर जाण्याची दुसरी. वेळांची बेरीज करायची नाही, शक्यतांची, म्हणजे लॅम्डांची. म्हणून १ ÷ परिणामी अर्धायुष्य = १ ÷ भौतिक + १ ÷ जैविक. थायरॉइडमध्ये बसलेल्या आयोडीनचं जैविक अर्धायुष्य ८० दिवस धरतात, उत्तर येतं ७.३ दिवस. सीझियम-१३७ चं भौतिक अर्धायुष्य ३० वर्षं, पण शरीर ते ११० दिवसांत निम्मं करतं, म्हणून परिणामी आकडा ११० च्या किंचित खाली. उत्तर नेहमी दोन्हींतल्या लहान आकड्यापेक्षाही लहान यायला हवं.

एक प्रश्न चौकस मुलं विचारतातच. टेक्नेशियम-९९एम फुटून होतं काय? टेक्नेशियम-९९, आणि तेही किरणोत्सारी, अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षं. ऐकायला भयंकर. पण अणू तेच २३ लाख कोटी आणि टाऊ आता ३ लाख वर्षांच्या वर. भागाकार केला की दर सेकंदाला दोन-अडीच विघटनं. आपल्या सगळ्यांच्या अंगात पोटॅशियममुळे जन्मभर दर सेकंदाला चार हजारांवर विघटनं चालू असतात, त्यापुढे ती कुठे मोजता! अर्धायुष्य जितकं लांब तितका धोका मोठा, ही समजूत अशी भागाकारात मोडते. अणू तेवढेच असतील तर लांब आयुष्याचा पदार्थ सावकाश फुटतो.

हे औषध कारखान्यातून आणून साठवता येत नाही, सहा तासांत निम्मं होतं. म्हणून मोलिब्डेनम-९९ चा जनरेटर मागवतात, अर्धायुष्य ६६ तास. मोलिब्डेनम फुटून टेक्नेशियम-९९एम होत राहतं आणि त्यातून रोज सकाळी ते काढून घेतात, या कामाला तंत्रज्ञांच्या भाषेत मिल्किंग म्हणतात. आठवड्याने मोलिब्डेनम १७ टक्के उरतं, म्हणून जनरेटर साधारण आठवड्याला बदलावा लागतो.

कोबाल्ट-६० च्या कॅन्सर-उपचार यंत्राचं गणित तसंच. वर्षाला १२.३ टक्के घट, महिन्याला सुमारे एक टक्का. त्यामुळे तोच डोस द्यायला दर महिन्याला यंत्र किंचित जास्त वेळ चालू ठेवावं लागतं आणि सव्वापाच वर्षांनी दुप्पट. पेशंटला वाटतं आपला आजार वाढला म्हणून वेळ वाढवली! मसाले निर्जंतुक करणाऱ्या विकिरण प्रकल्पांतही हेच कोबाल्ट असतं. सांगलीची हळद त्यातून गेली तर ती किरणोत्सारी होत नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांत केंद्रक बदलण्याइतकी ताकद नसते.

"दहा अर्धायुष्यं झाली की संपलं" असं म्हणतात, त्याबद्दलही एक सूचना. दहा अर्धायुष्यांनी १,०२४ वा भाग उरतो, बस. सुरुवात थोड्याने झाली असेल तर तो नगण्य, ढिगाने झाली असेल तर नाही.

साताऱ्याचा कातळ : योग्य घड्याळ निवडा

गावातला वीरगळ किंवा देवळातली दगडी मूर्ती दिसली की कुणीतरी म्हणतंच, "याचं कार्बन डेटिंग करायला पाहिजे." नाही करता येत. कार्बन-१४ सजीवांत असतं. कोळसा, लाकूड, हाड, धान्य चालतं, बेसॉल्ट नाही. आणि अर्धायुष्य ५,७३० वर्षं असल्याने पन्नासेक हजार वर्षांपलीकडे, म्हणजे नवाच्या आसपास अर्धायुष्यांनंतर, मोजण्याजोगं काही उरत नाही.

अजिंक्यतारा, कासचं पठार आणि कराडजवळचा आगाशिवचा डोंगर ज्या लाव्हाचे आहेत तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला पोटॅशियम-४० चं घड्याळ लागतं, अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. पोटॅशियम-४० फुटून काही अंशी अर्गॉन वायू होतो. लाव्हा वितळलेला असताना तो निसटून जातो, थिजला की आत अडकू लागतो, म्हणजे घड्याळ शून्यापासून सुरू. गणित करून बघा : ६.६ भागिले १२५ म्हणजे ०.०५३ अर्धायुष्यं, एवढ्यात ३.६ टक्के पोटॅशियम-४० फुटलं. त्यातलं साधारण ११ टक्केच अर्गॉन होतं, बाकीचं कॅल्शियम. म्हणजे मूळच्या पोटॅशियम-४० च्या हजार अणूंमागे चार अर्गॉन अणू शोधायचे, आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पोटॅशियम मुळातच कमी. कामाची नजाकत लक्षात येते.

मात्र हे वय खडकाचं. आगाशिवची लेणी केव्हा कोरली हे त्यातून कळत नाही. छिन्नी लागल्याने अर्गॉनचं घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

कुठला आकडा छापलाय ते बघा

एका पुस्तकात मुक्त न्यूट्रॉन दहा मिनिटं टिकतो असं असतं, दुसऱ्यात पंधरा. दोन्ही बरोबर आहेत. अर्धायुष्य १०.२ मिनिटं, सरासरी आयुष्य सुमारे ८८० सेकंद, म्हणजे पावणेपंधरा मिनिटं. कणभौतिकीवाले सहसा सरासरी आयुष्य देतात. म्युऑन या कणाचा २.२ मायक्रोसेकंद हा प्रसिद्ध आकडाही टाऊ आहे. केंद्रकांच्या तक्त्यांत मात्र अर्धायुष्य असतं. १९०० मध्ये रदरफोर्डने थोरियमपासून निघणाऱ्या वायूची सक्रियता साधारण मिनिटात निम्मी होताना पाहिली, तेव्हापासूनची ही रीत.

कार्बन-१४ च्या प्रयोगशाळांत तर ८,०३३ वर्षं हा आकडा दिसतो. तो आहे कार्बन डेटिंगची पद्धत शोधणाऱ्या लिबीच्या जुन्या ५,५६८ वर्षांच्या अर्धायुष्यावरून काढलेला टाऊ. नवं अर्धायुष्य ५,७३० असूनही जुने-नवे निकाल एकमेकांशी ताडता यावेत म्हणून तोच वापरायचं ठरलंय, आणि दुरुस्ती नंतरच्या तक्त्यांतून होते. उदाहरण सोडवताना "लाइफटाइम" असा मोघम शब्द दिसला तर आधी कुठला ते ठरवा, मगच पेन उचला.

गायगर काउंटर हाताशी असेल तर

कॉलेजच्या प्रयोगशाळेत गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) असेल तर आधी काहीही न ठेवता दहा मिनिटं मोजा. ही पार्श्वभूमी, नंतरच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायची. शंभर मोजले तर दहाचा, दहा हजार मोजले तर शंभराचा चढउतार गृहीत धरा, म्हणजेच मोजलेल्या आकड्याचं वर्गमूळ. मोजायला जास्त वेळ दिलात की चूक टक्क्यांत कमी होते.

नमुन्याच्या चकतीवर वर्ष लिहिलेलं असतं ते वाचा. कोबाल्ट-६० ची एकवीस वर्षांपूर्वीची चकती आज सोळाव्या हिश्श्यावर आलेली असणार, चार अर्धायुष्यं झाली. आकडे कमी येतात म्हणून यंत्राला दोष देऊ नका.

चकती मिळत नसेल तर कृषी सेवा केंद्रातून म्युरेट ऑफ पोटॅश आणा. सांगली भागात उसाला आणि द्राक्षाला ते पडतंच. पन्नास किलोच्या पोत्यात साधारण पंचवीस किलो पोटॅशियम, आणि दर ग्रॅमला दर सेकंदाला सुमारे ३१ विघटनं, म्हणजे पोत्यात पावणेआठ लाख. घाबरू नका, तेच पोटॅशियम केळ्यात आहे आणि तुमच्या स्नायूंतही. पसाभर पोटॅश एका पिशवीत भरून काउंटरच्या नळीला चिकटवून ठेवलं की काउंटर पार्श्वभूमीपेक्षा जास्त टकटकतो.

पण याचं अर्धायुष्य काढणार कसं? आलेख काढून जमणार नाही, तुमच्या हयातीत रेषा तसूभरही खाली येणार नाही. इथे टाऊच लागतो. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये एकूण अणू किती ते अणुभारावरून काढा, त्यातले ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० : साधारण १.८ गुणिले दहाचा अठरावा घात. त्यांना दर सेकंदाच्या विघटनांनी, म्हणजे ३१ ने भागा. आलेले सेकंद म्हणजे सरासरी आयुष्य, वर्षांत केलं की सुमारे १८० कोटी. त्याला ०.६९३ ने गुणा, १२५ कोटींच्या आसपास याल. तुमच्या काउंटरवर थेट ३१ दिसणार नाहीत, कारण नळी सगळीकडे उडणाऱ्या कणांतले थोडेच पकडते आणि पोटॅशच्या आतल्या थरातले बरेच आतच अडतात. म्हणून आधी ज्ञात सक्रियतेच्या नमुन्यावरून नळी शंभरात किती पकडते ते काढा, आणि पोटॅशचा थर पातळ पसरा.